कच्च्या टाक्यांची यादी

मास्तरांकडे कापड टाकणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यायची असे. मास्तर मंगळवार म्हणाले की मंगळवारीच कपडा मिळायचा, फक्त तो कुठल्या आठवड्यातला मंगळवार, हे विचारायचं नाही. शिलाईला मात्र नाव ठेवायला जागा नसे. खांद्यावर सुरकुती नाही, कॉलर मानेला धरून बसलेली, आणि काजं अशी की बटण लावताना बोटांनाही बरं वाटावं. त्यामुळे गिऱ्हाईक चिडायचं, पुन्हा या पायरीवर पाय ठेवणार नाही म्हणायचं, आणि पुढचं कापड घेऊन त्याच पायरीवर हजर व्हायचं.

हे मास्तर शाळेतले नव्हेत, शिवणकामाचे. चाळीस वर्षं एकाच दुकानात, एकाच खिडकीपाशी, एकाच मशीनवर बसलेले. त्यांना कुणी आळशी म्हणेल तर ते साफ खोटं आहे. सकाळी कुलूप काढल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत हात थांबत नसे. कामांची यादी करत नसत असंही नाही, उलट याद्यांचा सुकाळ होता. एक शर्टाच्या पुठ्ठ्यावर, एक आरशाच्या मागे भिंतीवर, आणि मुख्य यादी कापायच्या टेबलावर, शिंप्याच्या खडूने लिहिलेली. आता ज्या टेबलावर दिवसभर कापड सरकतं, हात सरकतो, त्याच्यावर खडू टिकणार किती? दुपारपर्यंत अर्धी यादी मास्तरांच्या उजव्या कोपराला लागलेली असे. संध्याकाळी धुण्याला शर्ट टाकताना मास्तरीणबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, ती उलटी उमटलेली अक्षरं आरशात धरून वाचत.

"अहो, कोपरावर ‘पँट, दोन बोटं कमी’ असं दिसतंय. कुणाची पँट ते मात्र बाहीच्या घडीत गेलं."

"बघू, येईलच तो ओरडत," मास्तर म्हणत.

आणि तो यायचाच. खरं सांगायचं तर मास्तरांची एकच यादी चालायची: समोर येऊन जो उभा राहील त्याचं काम आधी. जो मोठ्याने बोलेल त्याचं त्याच्याही आधी. गिऱ्हाइकांचं या पद्धतीने कसंबसं निभावून जायचं. घरची माणसं मात्र दुकानात समोर येऊन उभी राहत नाहीत, त्यामुळे त्यांचा नंबर कधी लागतच नसे. घरच्या कामांना मास्तरांचं एकच उत्तर ठरलेलं होतं, "ते डोक्यात आहे माझ्या." डोक्यात म्हणजे कायमचं गेलं, हे मास्तरीणबाईंना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळून चुकलं होतं.

त्यांची स्वतःची यादी करायची तऱ्हा निराळीच होती. त्या एक अक्षर लिहीत नसत. जे काम असेल ती वस्तू वाटेत ठेवायची, की पाय अडलाच पाहिजे. तेल संपलं की रिकामी बाटली दारात. पडदा धुवायचा तर तो खुर्चीवर पसरलेला. स्वयंपाकघरातला नळ दोन महिने गळत होता, तेव्हा त्यांनी त्यात बसवायचा नवा वॉशर आणून मास्तरांच्या बुटात टाकला. मास्तरांनी पाय घातला, "आई गं" म्हणाले, वॉशर काढून खिशात टाकला आणि दुकानात गेले. दुसऱ्या दिवशी बाईंनी तो खिशातून काढून परत बुटात टाकला. हा कार्यक्रम इतके दिवस चालला की नळ आणि मास्तर दोघेही निर्ढावले.

आता लेकीचं सांगायला हवं. तिला घरात टाचणी म्हणत. रांगायला लागल्यापासून लोहचुंबक हातात घेऊन दुकानाच्या फरशीवरच्या टाचण्या गोळा करायची, म्हणून ते नाव पडलं, आणि पुढे स्वभावही तसाच सडसडीत आणि टोकदार निघाला. आठव्या वर्षी व्हायोलिन हातात आलं ते सुटलं नाही. तिच्या याद्या म्हणजे बघत राहावं असं प्रकरण. स्वरलिपीच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने चिमुकले चौकोन, चौकोनापुढे दोन शब्द, आणि काम झालं की चौकोनात बारीक फुली. फुली कधी चौकोनाबाहेर गेली नाही. मास्तर कौतुकाने म्हणायचे, "ही माझी मुलगी नव्हे, बहुतेक बदललीय कुणीतरी."

त्या वर्षी टाचणी सव्वीस वर्षांची होती आणि शहराच्या वाद्यवृंदात तिची निवड झाली. सहा वेळा परीक्षा देऊन, पाच वेळा हात हलवत परत येऊन, सहाव्यांदा. पहिला कार्यक्रम सात आठवड्यांनी, शनिवारी. सगळ्यांना काळा कोट हवा. टाचणीने दुकानांतून एकामागून एक तीन कोट आणले आणि तिन्ही परत केले.

"उभी राहिले की बरे दिसतात," ती आईला सांगत होती. "पण गज वर नेला की अख्खा कोट माझ्याबरोबर वर येतो. कॉलर कानापर्यंत. हात अडकतो, आई. शेवटच्या भागात हात अडकला तर मी मेलेच."

"मुंढा खाली कापलेला असणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. शिंप्याच्या घरात तीस वर्षं काढल्यावर एवढं कुणालाही कळतं. बगलेपाशी बाही जिथे जोडतात तो मुंढा, आणि तयार कपड्यात तो सगळ्यांना बसावा म्हणून ऐसपैस ठेवलेला असतो. "अगं, पण घरात शिंपी असताना दुकानं कसली पालथी घालतेस? बाबांना सांग ना."

"नको."

"का गं?"

"एकदा टाके घालून स्टेजवर उभी राहिलेय मी. एकदा पुरे झालं."

मास्तर तेव्हा बाहेरच्या खोलीत बूट काढत होते. हातात तो वॉशर होता. त्यांना सगळं ऐकू गेलं.

सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. टाचणी दहा वर्षांची, शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात पहिल्यांदा एकटी वाजवणार होती. मास्तरांनी तिला आकाशी फ्रॉक कबूल केला होता. महिनाभर तो "डोक्यात" होता. शेवटच्या दिवशी शिवायला घेतला, तेवढ्यात एक गिऱ्हाईक पँटसाठी दुकानात येऊन उभं राहिलं, मग दुसरं. फ्रॉकच्या घेराला पक्की शिवण घालायला वेळच उरला नाही. पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके तसेच राहिले. मास्तर म्हणाले होते, "लांबून कुणाला दिसतंय?" पण स्टेजवरचे दिवे खालून होते. आकाशी घेरावर बोट बोट लांबीचे पांढरे टाके लखलखत होते. पुढच्या रांगेतली पोरं "टाके, टाके" म्हणून हसली. टाचणी दोन ठिकाणी चुकली, तरी शेवटपर्यंत वाजवून खाली आली. घरी येऊन फ्रॉक घडी करून ट्रंकेत ठेवला.  त्या दिवसानंतर तिने बापाकडे एक रुमालसुद्धा शिवायला मागितला नाही. शिंप्याची मुलगी सोळा वर्षं तयार कपडे घालून हिंडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, आणि तो मास्तरांना रोज दिसत होता.

मास्तर उठून आत गेले. "कोट मी शिवणार," म्हणाले.

टाचणीने लगेच विचारलं, "कधी देणार?"

"मंगळवारी" ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं. "तू सांग."

"शनिवारी कार्यक्रम. बुधवारी दुपारी कोट माझ्या हातात. गुरुवारी अंगात घालून सराव करायचाय. बुधवारी नाही मिळाला तर मी दुकानातला घेईन, कसाही असला तरी. आणि मग बाबा, आपण या विषयावर कधीच बोलायचं नाही."

शेवटचं वाक्य तिने रागाने म्हटलं नाही. त्यामुळेच मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

माप घ्यायला ती दुकानात आली, तेव्हा मास्तरांनी तिला व्हायोलिन बाहेर काढायला लावलं. "नुसतं ताठ उभं राहून काय मोजू? वाजव." ती वाजवू लागली आणि मास्तर टेप घेऊन तिच्याभोवती फिरू लागले, गज वर असताना पाठ किती ताणते, खाली येताना मुंढ्यात किती जागा लागते. खिडकीबाहेर दोघं-तिघं थांबून ऐकत होते. आकडे लिहायला मास्तरांनी मापवही उघडली. प्रत्येक मापाशेजारी त्या कापडाची कतरण टाचून ठेवायची त्यांची जुनी सवय होती. लेकीच्या पानावर एकच माप होतं, दहा वर्षांच्या मुलीचं, आणि त्याच्याशेजारी गंजलेल्या टाचणीखाली आकाशी रंगाची कतरण. त्याखाली सगळं पान कोरं. मास्तरांनी त्यावर हात ठेवून पटकन नवीन पान काढलं.

लेक कामाला लागली की अर्धवट सोडणाऱ्यांतली नव्हती. तिने बापाच्या फोनवर याद्यांचं ॲप घातलं. "इथे काम लिहायचं, वेळ घालायची. वेळ झाली की ते आठवण देतं. काम झालं की टिचकी मारायची."

टिचकी मारली की फोन "टिंग" करून हिरवी खूण दाखवायचा. मास्तरांना तो टिंग भलताच आवडला. पण कात्री कापडात अर्ध्यावर असताना फोन ओरडला तर माणूस काय करेल? सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान असेल तर फोन ओळख दाखवत नसे, खडूचं बोट असेल तर भलतंच काहीतरी उघडत असे. मास्तर फोन गप्प करायला टिचकी मारू लागले. पुढे पुढे काम हातात घेतानाच मारू लागले, मग तर नुसतं मनात आणलं तरी. पंधराव्या दिवशी फोनने सांगितलं, "एकही काम शिल्लक नाही." मास्तर खूश झाले. त्याच दिवशी तीन गिऱ्हाइकं भांडून गेली, आणि कोटाचं काळं कापड कागदात होतं तसंच बांधलेलं होतं.

मग टाचणीने जाड वही आणून दिली. पानावर चार चौकोन: तातडीचं, महत्त्वाचं, नंतर करायचं, दुसऱ्यावर सोपवायचं. मास्तरांनी सगळी कामं इमानेइतबारे तातडीच्या चौकोनात लिहिली. दुसऱ्यावर सोपवायला दुकानात दुसरं कुणी नव्हतंच. राहिलेले तीन चौकोन कोरे बघून त्यांना कागद फुकट गेल्याचं वाईट वाटलं आणि त्या पानांवर त्यांनी कॉलरचे नमुने कापले. आठवड्याने टाचणीने वही उघडली तर पानापानाला कॉलरच्या आकाराची भोकं. पालथ्या घड्यावर पाणी. ती हसली खरी, पण तिची नजर कोपऱ्यातल्या त्या बांधलेल्या कागदाकडे गेली आणि हसणं थांबलं. 

दोन दिवसांनी घरात खुंटीला कपड्यांच्या दुकानाची पिशवी लटकलेली दिसली. मास्तरांनी आत डोकावलं. काळा कोट, तयार.

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. दुकानात येऊन ते दातांच्या डॉक्टरांचा जुना कोट उसवत बसले. डॉक्टर त्यांचे जुने गिऱ्हाईक, गोल पोटाचे आणि घाईचे. पोट वाढलं होतं आणि कोट पुढून सैल करून, आतला कॅनव्हास, म्हणजे कोटाला आकार देणारं जाड कापड, बदलून हवा होता. उसवता उसवता मास्तरांचं बोट एका कच्च्या टाक्यावर अडकलं आणि हात थांबला.

कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी मास्तर डोळे मिटून त्यावर सगळीकडून बोटं फिरवत. कुठे कच्चा टाका उरला असेल तर बोट अडकायचं. पक्की शिवण पडल्याशिवाय कच्चा टाका काढायचा नाही, आणि पडली की ठेवायचा नाही, हे त्यांच्या उस्तादाने त्यांना वयाच्या पंधराव्या वर्षी शिकवलं होतं. चाळीस वर्षांत खडू पुसला, पुठ्ठे हरवले, डोक्यातलं डोक्यातच राहिलं. पण टाका विसरून कपडा दुकानाबाहेर गेला असं एकदाच झालं होतं, आणि ते विसरणं नव्हतं. त्या टाक्यांकडे त्यांनी डोळ्यांदेखत कानाडोळा केला होता.

"मूर्खा," मास्तर स्वतःला मोठ्याने म्हणाले.

त्यांनी कोटाच्या कॅनव्हासची एक पट्टी कापली, चार बोटं रुंद, हातभर लांब. सुईत पांढरा दोरा ओवला आणि पहिला टाका घातला, डॉक्टरांच्या कोटाचा. कुणाचा ते कळावं म्हणून त्याच टाक्यात त्या कापडाची कतरण अडकवली. मग दुसरा, तिसरा. लिहायचं काहीच नाही. कतरण बघितली की मास्तरांना माणूस दिसायचा, त्याचा खांदा कुठे उतरतो तेही दिसायचं. लहान कामाला नखाएवढा टाका, मोठ्याला बोटभर. गिऱ्हाइकांचं पांढऱ्या दोऱ्याने आणि घरचं लाल दोऱ्याने. लाल टाके कुठे घालायचे याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि ते पट्टीच्या वरच्या टोकाला घातले, सगळ्यांच्या वर. खिशातला वॉशर तिथे टाचला. त्याच्याखाली काळ्या कापडाच्या कतरणीचे सात टाके ओळीने: कापणं, कॅनव्हास, पहिली ट्रायल, बाह्या, कॉलर, अस्तर, काजं. नियमही स्वतःच केले. रोज सकाळी लाल टाक्याचं थोडं तरी काम झाल्याशिवाय पांढऱ्याला हात लावायचा नाही, मग समोर कुणीही येऊन उभं राहो. काम पक्कं झाल्याशिवाय टाका ओढायचा नाही. आणि लाल टाका मास्तरांनी ओढायचाच नाही. ज्याचं काम असेल त्याने येऊन ओढायचा. स्वतःवर त्यांचा तेवढा विश्वास उरला नव्हता.

सगळं झाल्यावर त्यांनी मापवही उघडली, जुनं पान काढलं, गंजलेली टाचणी सोडवली. पट्टीच्या अगदी वरच्या टोकाला आणखी एक लाल टाका घातला.

पट्टी त्यांनी गळ्यात टाकली, टेपच्या शेजारी. संध्याकाळी घरी तशीच घेऊन गेले. मास्तरीणबाईंनी ती कतरणांची, दोऱ्यांची, वॉशरची माळ वरपासून खालपर्यंत बघितली.

"हे काय, संसार गळ्यात अडकवून निघालात?"

"तो होताच गळ्यात," मास्तर म्हणाले. "आता दिसतोय एवढंच."

टाचणीने पट्टीचं पुढे लोंबणारं टोक हातात घेऊन उलटसुलट केलं. "चौकोन नाही, तारीख नाही, अक्षर नाही. बाबा, ही यादी तुमच्याशिवाय जगात कुणालाही वाचता येणार नाही."

"करणार तरी दुसरं कोण आहे?"

टाचणीने टोक सोडून दिलं. पिशवी मात्र खुंटीलाच राहिली.

दुसऱ्या दिवशी काळं कापड कागदातून बाहेर आलं. मास्तर सकाळी आधी काळं घेत, मग बाकीचं. पांढरे टाके वाढायचे, कमी व्हायचे, पण डोळे मिटून पट्टीवर बोट फिरवलं की दिवस कुठे अडलाय ते कळायचं. गिऱ्हाइकं चार दिवस कुरकुरली, मग मंगळवारचे कपडे मंगळवारीच मिळू लागल्यावर घाबरली. एकाने तर तब्येत बरी आहे ना म्हणून विचारलं. टाचणी दर दोन-तीन दिवसांनी दुकानात यायची, काम बघायची आणि आपला टाका आपल्या हाताने ओढून काढायची. ट्रायलच्या दिवशी तिने अर्धा कोट घालून हात वर केला आणि कोट जागचा हलला नाही. "हं," एवढंच म्हणाली. पण तो "हं" मास्तरांनी घरी जाऊन बायकोला तीनदा ऐकवला.

शेवटच्या आठवड्यात सोमवारी कोटाचे दोन लाल टाके उरले होते, अस्तराचा आणि काजांचा. आणि मंगळवारी सकाळी पट्टी गायब.

मास्तरांनी दुकान उलटंपालटं केलं. मशीनखाली, इस्त्रीमागे, कतरणांच्या पोत्यात. घरी बायकोला बुटात बघायला लावलं. पट्टी नाही म्हटल्यावर जुना मास्तर परत आला. एक गिऱ्हाईक दारात उभं राहिलं, त्यांनी त्याचं काम घेतलं. दुसरं आलं, दुसऱ्याचं. दुपार झाली. काळा कोट अस्तराशिवाय तसाच हँगरवर. आपण काय करतोय ते मास्तरांना कळत होतं, पण हात थांबत नव्हता.

चार वाजता दातांचे डॉक्टर तावातावाने आत आले. कोट त्यांनी सोमवारी संध्याकाळी नेला होता.

"मास्तर, छातीत टोचतंय काहीतरी!"

"हृदयाच्या डॉक्टरांकडे जा ना मग," मास्तर वर न बघता म्हणाले.

"चेष्टा नको. कोटाच्या छातीत. डावीकडे. आणि चालताना घासतं. हे बघा, दाबून बघा."

मास्तरांनी दाबलं. कापडाच्या आत काहीतरी गोल, कडक, रबराचं होतं. त्यांनी डॉक्टरांच्या अंगावरचा कोट जवळजवळ ओरबाडून घेतला, अस्तर उसवलं, आणि हात आत घातला. कॅनव्हासच्या थरांमध्ये नीटनेटकी, पक्क्या शिवणीने बसवलेली पट्टी होती. कतरणांसकट, वॉशरसकट. कोटाच्या कॅनव्हासची पट्टी कोटाच्या कॅनव्हाससारखीच दिसणार. सोमवारी टेबलावर पडलेली त्यांनी उचलली आणि डॉक्टरांच्या छातीत शिवून टाकली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मास्तर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"हसू नका, आधी माझं करून द्या," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी घालायचाय मला. सभा आहे. मी इथेच थांबतो."

आणि डॉक्टर मास्तरांच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. मोठ्याने बोलणारे, जुने, आणि चूक सर्वस्वी मास्तरांची. चाळीस वर्षांच्या सवयीने मास्तरांचा हात त्यांच्या कोटाकडे गेला. दुसऱ्या हातात पट्टी होती. बोट फिरलं आणि लाल टाक्यावर अडकलं.

"डॉक्टर, चूक माझी आहे, मान्य," मास्तर म्हणाले. "पण तुमचा टाका पांढरा आहे. याच्यावर त्या काळ्या कोटाचे दोन लाल आहेत. आधी ते. तुमचा कोट उद्या संध्याकाळी, आणि उद्या म्हणजे उद्याच."

"अहो, मी समोर उभा आहे!"

"तेच तर. समोर उभं राहणाऱ्यांचं करता करता माझी सोळा वर्षं गेली."

 मग काय झालं कोण जाणे, डॉक्टरांनी हँगरवरच्या काळ्या कोटाकडे बघितलं, त्याच्या लहान खांद्यांकडे बघितलं. "मुलीचा?"

"हो."

"माझ्याकडेही लोक गाल धरून उभे असतात, तरी मी नंबरानेच घेतो," डॉक्टर म्हणाले. "उद्या जुना घालून जाईन. पोट थोडं आत ओढलं की झालं."

मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. संध्याकाळपर्यंत अस्तर बसलं. बुधवारी सकाळी काजं, हाताने, एकेक. दुपारी दोनला कोट इस्त्री होऊन हँगरवर होता. अडीचला टाचणी आली. तिने कोट घातला, आरशात बघितलं नाही. आधी डोळे मिटले आणि खालच्या कडेवरून, बाह्यांवरून, कॉलरखालून बोटं फिरवली. शेवटी शिंप्याची मुलगी. एकही टाका कुठे अडकला नाही. मग व्हायोलिन काढून तिने शेवटचा अवघड भाग वाजवला. गज वर गेला, खाली आला, कॉलर जागची हलली नाही. आतल्या बाजूला मास्तरांनी एक छोटा खिसा केला होता, गजाला लावायची राळ ठेवण्यापुरता. तो तिला आपोआप सापडला.

"आणा ती पट्टी," ती म्हणाली.  अस्तराचा टाका ओढला, काजांचा ओढला. काळी ओळ संपली. मग तिचं लक्ष अगदी वरच्या टोकाकडे गेलं. आतापर्यंत ते टोक मास्तरांच्या मानेमागे शर्टात असायचं.

"हा कसला? आकाशी?"

मास्तर इस्त्रीची वायर गुंडाळत होते. "तुझ्या फ्रॉकचा."

तिने कोटाचं बटण सोडलं. म्हणाली, "हे काम आता होणार नाहीये, बाबा."

"नाही होणार. कळतं मला. पण तेव्हा मी ते यादीत घातलंच नव्हतं. डोक्यात आहे म्हणत राहिलो. म्हणून आता घातलं." वायर गुंडाळून झाली होती तरी ते गुंडाळत होते. "टाका तुझा आहे. ओढायचा की ठेवायचा, तू बघ."

टाचणीने त्या कतरणीवर बोट ठेवलं, मग काढलं. "राहू दे अजून," म्हणाली आणि कोट हातावर घेऊन गेली. संध्याकाळी घरी खुंटीवरची पिशवी नव्हती. परत केली, असं मास्तरीणबाईंनी सांगितलं.

शनिवारी दोघं नवराबायको सातव्या रांगेत बसले होते. सगळं सभागृह संगीत ऐकत होतं. मास्तरांना एक सूरही ऐकू आला असेल तर शपथ. ते डावीकडून तिसऱ्या खुर्चीतल्या काळ्या खांद्याकडे बघत होते. दिवे इथेही झगझगीत होते. गज वर गेला की त्यांचा श्वास वर जायचा. कुठे पांढरं दिसलं नाही, कुठे कापड ओढलं नाही. शेवटच्या भागात सगळे हात एकदम उठले, आणि टाचणीचा हात सगळ्यांत मोकळा होता, निदान तिच्या बापाला तरी तसाच दिसला.

कार्यक्रमानंतर ती बाजूच्या बोळात त्यांना भेटली. गाल लाल, हातात व्हायोलिनची पेटी. आईने तिला जवळ घेतलं. मग ती बापाकडे वळली.

"पट्टी आणलीय?"

मास्तरांनी खिशातून घडी काढली. तिने ती दिव्याखाली धरली नाही. बोटानेच वरचं टोक शोधलं, आकाशी कतरण चाचपली, खाली वाकली आणि मास्तर तोडतात तसा दातांनी दोरा तोडला. मग सावकाश टाका ओढून काढला. दोरा आणि कतरण तिने कोटाच्या आतल्या त्या छोट्या खिशात, राळेशेजारी ठेवली.

"झालं," ती म्हणाली.

मास्तर रडले. लपवायचा प्रयत्नही केला नाही. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मास्तरीणबाईंनी त्यांना रुमाल दिला आणि पट्टी आपल्या हातात घेतली. "आता वर पहिला नंबर या वॉशरचा," त्या म्हणाल्या. "टाचून ठेवलात ते छान केलंत, पण तो बसवायचा असतो हो नळात."

"रविवारी बसवतो," मास्तर नाक पुसत म्हणाले.

टाचणीने बापाच्या हातात हात घातला. नव्या बाहीला कुठे सुरकुती पडली नाही. "उद्याचाच रविवार ना, बाबा?"

"उद्याचाच," मास्तर म्हणाले.